रंग उतरला म्हणजे पाणी शुद्ध झाले का?
विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, म्हणजे एन्झाइम) बांधलेले मणी रंगाच्या सांडपाण्यात टाकले की काही तासांत पाणी शुद्ध होते, रसायने लागत नाहीत आणि तेच मणी कायम वापरता येतात, असा दावा सर्वत्र फिरत आहे. लॅकेजसारख्या विकरांचे मोल मला ठाऊक आहे, म्हणूनच हा दावा तपासल्याविना सोडवत नाही.

आधी शुद्धतेविषयी. ॲझो रंगांतील दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध तुटला की पाणी निवळलेले दिसते. रेणूचे तुकडे मात्र त्यातच राहतात आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील प्रदूषके रासायनिकरीत्या ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन, म्हणजेच प्रदूषणाचे एक माप) त्याच प्रमाणात घटेल असे नसते. ॲझोरिडक्टेज हे विकर हा बंध क्षपणाने (इलेक्ट्रॉन देऊन) तोडते तेव्हा ॲरोमॅटिक अमाइने, म्हणजे बेंझीनसारखे वलय असलेली नायट्रोजनयुक्त संयुगे, तयार होतात. बेंझिडीनपासून बनवलेल्या रंगातून तर माणसात कर्करोग घडवणारे बेंझिडीनच पुन्हा मोकळे होऊ शकते. लॅकेज ऑक्सिडीकरणाच्या वाटेने जात असल्याने हा धोका बराच कमी असतो, तरी क्विनोनसारखी उत्पादिते उरू शकतात आणि त्यांचा विषारीपणा स्वतंत्रपणे मोजावा लागतो. शिवाय अल्जिनेटचे किंवा कायटोसनचे मणी स्वतःही रंग शोषू शकतात. उष्णतेने निष्क्रिय केलेल्या विकराचे मणी त्याच पाण्यात ठेवून तुलना केली नसेल, तर रंग मोडला की मण्यात जाऊन बसला, हे ठरवता येत नाही. अशा तुलनेविना दिलेली टक्केवारी मी ग्राह्य धरत नाही.

रसायने लागत नाहीत, हेही खरे नाही. पेरॉक्सिडेज या विकराला हायड्रोजन पेरॉक्साइड लागते, आणि ते जास्त झाल्यास विकरच निकामी होते. लॅकेजलाही अनेक रंगांसाठी मध्यस्थ रेणूंची (विकर आणि रंग यांच्यात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या छोट्या रेणूंची) मदत घ्यावी लागते.

स्थिरीकरणामुळे, म्हणजे मण्यांत बांधून ठेवल्यामुळे, विकर पाण्यातून परत मिळते आणि उष्णता व सामूतील बदल बहुधा अधिक सोसते, हा लाभ खरा आहे. मात्र प्रत्येक फेरीत थोडे विकर झिरपून जाते, काहींची रचना उलगडते, आणि उत्पादितांमुळे मण्यांची छिद्रे बुजतात. त्यातच अनेक प्रयोग एकाच रंगाच्या स्वच्छ द्रावणावर केलेले असतात. रिॲक्टिव्ह रंगाईचे (कापडाच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या रंगाईचे) सांडपाणी अल्कधर्मी आणि मिठाने भरलेले असते, तर बुरशींपासून मिळणारी बरीच लॅकेजे आम्लधर्मी पाण्यात उत्तम चालतात आणि क्लोराइडमुळे मंदावतात. माझ्या मते या मण्यांची जागा सामू उतरवल्यानंतर आणि जैविक प्रक्रियेच्या आधी आहे, कारण उरलेले तुकडे पचवण्याचे काम पुढच्या टाकीतील जिवाणूंनाच करावे लागते.