दहा टक्क्यांच्या आत

चार-पाच दिवसांपूर्वी रात्री साडेदहाला प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीचा मेसेज. "मॅडम, चौथं प्रकरण ७ टक्क्यांवर आलं!!" पुढे नाचणाऱ्या बाहुल्या. म्हणजे त्या प्रकरणातला सात टक्केच मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो, चोरीचा ठपका यायची भीती नाही.

मी विचारलं, तपासलंस कुठे? ग्रंथालयातून इतक्या लवकर रिपोर्ट मिळत नाही. तर म्हणाली, गुगलवर सगळ्यात वर आली ती साइट. फुकट आहे. एका वेळी हजारच शब्द घेते, म्हणून तुकडे करकरून टाकलं.

माझी झोपच उडाली. चौथं प्रकरण म्हणजे मुलाखती. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या. उचल (आगाऊ पैसे) किती घेतली, गर्भाची पिशवी कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून काढली, मुकादम काय बोलला, नवऱ्यापासून काय लपवलं, सगळं त्यांच्याच शब्दांत. नावं बदललेली होती, पण गाव, कारखाना, उचलीचा आकडा तसाच, कारण हा कच्चा खर्डा. आणि प्रत्येकीला हिने शब्द दिला होता: "ताई, हे माझ्यापाशीच राहील."

"पण मॅडम, साइटवर लिहिलंय, आम्ही मजकूर साठवत नाही."

असेलही खरं. पण साठवलं नाही म्हणजे कुणाला दिलं नाही, असं थोडंच आहे? अशा फुकट साइटकडे स्वतःचा पुस्तकांचा साठा सहसा नसतोच. ती तुमचा मजकूर वाक्यावाक्यांत तोडते आणि एकेक वाक्य सर्च इंजिनला विचारते: हे कुठे आहे का? दोनशे वाक्यं टाकलीत तर तितके प्रश्न तिकडे जाऊ शकतात. आता हेही सांगायला हवं की सर्चमध्ये विचारलेलं वाक्य लगेच कुणाच्या सर्चमध्ये दिसायला लागत नाही, आणि प्रश्न जातो तोही साइटच्या सर्व्हरवरून, तुमच्या नावाने नाही. पण त्याची नोंद कुठे आणि किती दिवस राहते ते तुमच्या हातात नाही. शिवाय रिपोर्टमध्ये वाक्याशेजारी 'तुलना करा' अशी लिंक असते. काही साइटवर ती दाबली की तेच वाक्य अवतरणचिन्हांसकट तुमच्याच ब्राउझरमधून सर्चला जातं. जीमेल उघडं असेल तर तुमच्या खात्यासकट.

नाव नाही ना, मग काय बिघडलं, असं म्हणणाऱ्यांसाठी २००६ ची गोष्ट. एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख लोकांचे सुमारे २ कोटी सर्च संशोधनासाठी म्हणून खुले केले. नावांच्या जागी नुसते आकडे. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी ४४१७७४९ या आकड्याचे सर्च वाचत वाचत ती बाई शोधून काढली. आणि ते तर दोनचार शब्दांचे सर्च होते. इथे अख्खी वाक्यं आहेत, गावाच्या नावासकट.

२०१७ मध्ये नॉर्वेत तर याच्या पुढचं घडलं. ट्रान्सलेट डॉट कॉम या फुकट भाषांतराच्या साइटवर लोकांनी टाकलेला मजकूर थेट गुगलच्या सर्चमध्ये सापडायला लागला. कामावरून काढल्याची पत्रं, करार, पासवर्डसुद्धा. टाकणाऱ्यांना वाटत होतं, आपण फक्त भाषांतर करून घेतोय.

मुलीला मी रागावले, पण खरा राग तिच्यावर नाही. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम आहे: साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ४० पर्यंत सहा महिन्यांत दुरुस्ती, ६० च्या वर नोंदणीच रद्द. नियमाला हरकत नाही. पण अधिकृत तपासणी आमच्याकडे होते एकदा, अगदी शेवटी. ही म्हणजे थेट बोर्डाचीच परीक्षा, सराव नाहीच. मग पोरं रात्री फुकट साइटवर नाही जाणार तर कुठे जाणार? कच्चे खर्डे तपासायला चार लॉगिन जास्त दिली तर काय आकाश कोसळणार आहे? अधिकृत सॉफ्टवेअरमध्येही अपलोड करणाऱ्याला 'साठ्यात ठेवू नका' असा पर्याय सहसा असतो. तो निवडलाय का, हे विचारणारा गाइड मला अजून भेटायचाय. (मीही गेल्या वर्षीपर्यंत विचारत नव्हते.)

आणि यंत्राच्या अकलेचं म्हणाल, तर जुन्या नॉन-युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेला मराठी प्रबंध त्याला निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. साम्य शून्य. पेढे वाटा.

यात सगळ्यात खुळेपणाची गोष्ट वेगळीच आहे. जे बोलणं जगात कुठे छापलंच नाही, ते चोरीचं निघेल कसं? मुलाखती तपासायचं काही कारणच नव्हतं. मी तसं म्हटल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मुलाखती घातल्या की टक्का खाली येतो. सगळे घालतात."

म्हणजे त्या बायकांचं बोलणं कशाला वापरलं, तर भाजकातला आकडा फुगवायला.

मग आम्ही फोनवरच हिशेब केला. प्रकरणात निम्म्या मुलाखती. म्हणजे ७ टक्के साम्य आहे ते सगळं उरलेल्या अर्ध्यात, तिच्या स्वतःच्या लिखाणात, आणि तिथे ते पडतं १४. बघितलं तर एका सरकारी अहवालातले तीन परिच्छेद जसेच्या तसे, ना अवतरणचिन्ह ना तळटीप. ते सोमवारी दोघी बसून नीट करू, तासाभराचं काम आहे.

मुलाखतींचं काय करायचं ते कळत नाही. साइटला ईमेल केलाय, मजकूर आणि नोंदी पुसा म्हणून. "आपला संदेश मिळाला, धन्यवाद" असं यंत्राचं उत्तर आलंय. त्याला आज चौथा दिवस.