बिस्किटाएवढी फट

भाड्याच्या गाडीला कुठल्या राज्याची नंबरप्लेट हवी, हे भाडं भरणाऱ्याला कोणी विचारत नाही. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या विमानतळावर आम्हाला कॅलिफोर्नियाची मिळाली. आम्ही न्यू जर्सीचे. कॅलिफोर्नियात आमचा एक मावसभाऊ आहे आणि त्याच्याशीही फारसं बरं नाही. तरी परवा दूध-अंडी घेऊन दुकानाबाहेर येतो तो वायपरखाली चिठ्ठी: ‘आलात तिथं परत जा. घरांचे भाव तुमच्यामुळे वाढले.’ खाली हसरा चेहरा काढलेला. मजकूर एक वेळ विसरेन, तो हसरा चेहरा विसरणार नाही.

चिठ्ठीवाल्याचा राग तसा जुना आहे. कॅलिफोर्नियावाले येऊन आमच्या डोंगरांची वाट लावतात ही तक्रार कोलोरॅडोत १९७०च्या दशकापासून गाड्यांच्या बंपरवर चिकटवलेली आहे. युटा, आयडाहो, मोंटाना, सगळीकडे तेच रडगाणं. पण मी अजून एकही भाव वाढवलेला नाही हो! वाढवायला आधी घर घ्यावं लागतं, आणि घर घ्यायला गाव ठरावं लागतं.

ते ठरत नाहीये. कंपनीनं बदलीसाठी तीन नावं दिली आहेत: डेन्व्हर, युटातल्या सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेचं लीहाय आणि आयडाहोचं बॉयसी. ‘कुटुंबाशी बोलून कळवा.’ कुटुंबाशी बोललो. चिरंजीवांना स्वतंत्र बेसमेंट हवंय, गाव कुठलंही चालेल. बायकोला गाव हवंय, बेसमेंट नको. साताऱ्याहून सासूबाईंनी फोनवर दुरून साजऱ्या दिसणाऱ्या डोंगरांची ती म्हण ऐकवलीच. मी ती इथे वापरणार नाही.

तर रविवारी डेन्व्हरच्या उत्तरेला एका नव्या वसाहतीत ओपन हाउस पाहायला गेलो. दारातच बिस्किटांचा वास. घर विकायचं असलं की ओव्हनमध्ये चॉकलेटची बिस्किटं भाजायची, म्हणजे येणाऱ्याला उगाचच आपल्या घरी आल्यासारखं वाटतं, ही इथली जुनी युक्ती. एजंटबाईंनी पहिल्याच वाक्यात वर्षाला ३०० दिवस ऊन देऊन टाकलं. हा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेच्या जाहिरातींपासून चालत आलाय म्हणतात. हवामानखात्याच्या व्याख्येनं अगदी निरभ्र असे दिवस साधारण ११५ भरतात. बाकीच्यात ढगाआडून डोकावलेलं ऊनही मोजलेलं असतं. बायकोनं विचारलं, ‘आसपास भारतीय कुटुंबं आहेत का?’ बाई झुंबराकडे बघू लागल्या. त्यांचा दोष नाही. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे कुठल्या वस्तीत कोण राहतं, हे एजंट बोलत नाही. वंश किंवा धर्म पाहून गिऱ्हाईक वळवल्याचा ठपका येऊ शकतो. शाळा चांगली का, वस्ती सुरक्षित का, यावरही ‘तुम्हीच शोधा’. म्हणजे घर घेणाऱ्याला जे खरोखर विचारायचं असतं, नेमकं तेच सोडून बाई सगळं सांगतात. झुंबर कुठून आणलं तेसुद्धा.

स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून एक आजोबा उभे होते. अर्धी चड्डी, लोकरीचे मोजे, वर सँडल, कागदी रुमालावर तीन बिस्किटं. मला वाटलं मालक. मालक नव्हते, गिऱ्हाईकही नव्हते. चार घरं पलीकडे राहतात आणि प्रत्येक ओपन हाउसला येतात. एजंटबाई त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, त्यावरून ओळख जुनी असावी.

‘कॅलिफोर्निया?’ खिडकीतून आमच्या गाडीकडे बघत आजोबांनी विचारलं.

‘न्यू जर्सी. गाडी भाड्याची आहे.’

‘न्यू जर्सी!’ त्यांनी एक बिस्किट माझ्यापुढे केलं. त्या सहानुभूतीनं मी चिठ्ठीपेक्षा जास्त दुखावलो.

मग ते म्हणाले, ‘घर घेऊ नका. पण घ्यायचंच असेल तर खाली चला.’

बेसमेंटच्या मागच्या खोलीत, जिथे रंगकाम अर्धवट होतं, तिथे आजोबा गुडघ्यावर बसले. भिंत जमिनीला टेकलेलीच नव्हती. वरच्या छताच्या तुळयांना लटकवलेली, आणि खाली दीड-दोन इंचांची मोकळी फट. मला वाटलं, गवंडी पळून गेला. आजोबांनी फटीत बिस्किट सरकवलं. ते आरामात आत गेलं. ‘उत्तम,’ ते म्हणाले, ‘जमीन अजून फुगलेली नाही.’

या पट्ट्यातल्या मातीत बेंटोनाइट नावाची चिकणमाती असते. पाणी मिळालं की ती फुगते आणि वरची काँक्रीटची लादी उचलते. भिंत लादीवर उभी असेल तर लादीबरोबर तीही वर जाते, दारं अडकतात, वरच्या मजल्याला तडे जातात. म्हणून भिंत लटकती आणि खाली फट. फट मिटलेली दिसली तर घर सोडून द्यायचं. छपराचं पाणी पन्हळीनं पायापासून पाच-सहा फूट लांब सोडलंय का ते बघायचं. पायाला खेटून हिरवळ आणि तिला रोज पाणी, हा उद्योग करायचा नाही. नवं घर असेल तर मातीचा अहवाल खरेदीखताच्या किमान १४ दिवस आधी हातात द्यायला बिल्डर कायद्यानं बांधील आहे. तो शेवटच्या दिवशीच्या गठ्ठ्यात सापडू नये म्हणून आधीच मागायचा. हे सगळं आजोबांनी जमिनीवर बसून सांगितलं आणि मग ते बिस्किट फटीतून काढून खाल्लं.

‘आता रेडॉन,’ ते उठत म्हणाले. हा वायू जमिनीतल्या युरेनियममधून तयार होतो, वास नाही, रंग नाही, फुफ्फुसाचा कर्करोग मात्र देतो. कोलोरॅडोतल्या साधारण निम्म्या घरांत तो लिटरला ४ पिकोक्युरी (हे किरणोत्साराचं माप) या मर्यादेच्या वर सापडतो. चाचणीचा डबा राहत्या सगळ्यांत खालच्या मजल्यावर किमान ४८ तास ठेवायचा, त्याच्या १२ तास आधीपासून खिडक्या बंद. आकडा वर आला तर लादीखालून पाइप घालून पंख्यानं वायू छपरावर सोडायचा, खर्च दीड-दोन हजार डॉलर, आणि तो विकणाऱ्याकडून वसूल करायची मागणी सही करायच्या आधीच करायची. ‘इथे खिडकी उघडी ठेवली होती,’ बेसमेंटच्या खिडकीकडे बोट दाखवत आजोबा म्हणाले. ‘तीन दिवस. मी रोज कुत्रा फिरवतो ना.’

एजंटबाई जिन्यावरून म्हणाल्या, ‘सगळं ठीक आहे ना खाली?’

‘छप्पर कधी बदललं?’ आजोबांनी उलट ओरडून विचारलं. उत्तर आलं नाही.

छपराचं प्रकरण असं. हा गारांचा पट्टा आहे. ८ मे २०१७ला डेन्व्हरच्या पश्चिमेला दुपारी गारा पडल्या आणि विम्याचं नुकसान दोन अब्ज डॉलरच्या वर गेलं. तेव्हापासून विमेवाले शहाणे झालेत. गारांची डिडक्टिबल ठरावीक हजार डॉलर नसते, घराच्या विमारकमेच्या टक्क्यांत असते. पाच लाखांच्या विम्यावर २ टक्के म्हणजे पहिले दहा हजार तुमचे. एवढ्यात अर्धं छप्पर होतं. म्हणून घर आवडायच्या आधी विम्याचा भाव घ्यावा, आणि गारांना टिकणारी, क्लास ४ची कौलं आहेत का ते विचारावं. डोंगराकडे सरकाल तर वणव्यासाठी आणखी वेगळं. तेही डोंगरातच लागतं असं नाही. ३० डिसेंबर २०२१ला सुपीरियर आणि लुइसव्हिल या सपाटीवरच्या, हिरवळ-फुटपाथवाल्या वस्त्यांत वाऱ्यानं आग नेली आणि एका दिवसात हजारावर घरं गेली. भर थंडीत! आणि इथून थोडं उत्तरेला, फायरस्टोनमध्ये, २०१७ साली तेलविहिरीच्या तुटलेल्या पाइपातून गॅस बेसमेंटमध्ये साचला, घर उडालं, दोन माणसं गेली. विहिरी आणि त्यांच्या वाहिन्यांचे नकाशे राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आहेत. ओपन हाउसच्या गुळगुळीत पत्रकावर मात्र फक्त पायवाट दाखवतात, तळं दाखवतात, कुत्र्यांचं उद्यान दाखवतात.

त्या तळ्याचे पैसे कोण देतं? हा आजोबांचा लाडका विषय निघाला. मेट्रो डिस्ट्रिक्ट! बिल्डर वसाहतीपुरता एक करविभाग स्थापन करतो, सुरुवातीच्या संचालक मंडळावर बहुधा त्याचीच माणसं, रस्ते-नळ-उद्यानांसाठी कर्जरोखे काढतो, आणि ते पुढची तीस-चाळीस वर्षं घरमालक फेडतात. कोलोरॅडोचा मालमत्ता कर देशात कमी म्हणून आपण खूश असतो. ६ लाखांच्या घराची करपात्र किंमत साधारण साडेसहा टक्के, म्हणजे ३९ हजार. त्यावर डिस्ट्रिक्टचे ५० मिल, म्हणजे हजाराला ५० डॉलर. झाले वर्षाचे जवळजवळ दोन हजार जादा, एचओएची, म्हणजे घरमालक संघटनेची, वर्गणी वेगळी. जुन्या वस्तीत हे नाही, पण तिथे मातीची जुनी गटारं असतात. कॅमेरा घालून तपासायचे दोन-तीनशे डॉलर वाचवणारा पुढे दहा-पंधरा हजारांचं अंगण खणतो.

आजोबांच्या गाडीवर हिरव्या डोंगरांचं ‘नेटिव्ह’ लिहिलेलं स्टिकर होतं. मी विचारलं, तुम्ही इथलेच का? ‘मी ओहायोचा,’ ते म्हणाले. ‘स्टिकर कुत्र्यासाठी आहे. तो इथे जन्मला.’

दुसऱ्या गावांबद्दलही त्यांची मतं होती. सॉल्ट लेकला हिवाळ्यात थंड हवा दरीत खाली अडकते, वर गरम हवेचं झाकण, आणि गाड्यांचा धूर दिवसेंदिवस तिथेच. शाळेत मधली सुट्टी वर्गात. सरोवर आटलंय ते वेगळंच, नोव्हेंबर २०२२ला पातळी नीचांकाला गेली होती, आणि तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे. मार्च २०२०मध्ये ५.७चा भूकंप झाला तेव्हा तिथल्या मॉर्मन पंथाच्या मंदिराच्या शिखरावरच्या देवदूताच्या हातातली तुतारी पडली. १९७६च्या आधीचं विटांचं घर तिथे घेऊ नये. मला तिथले पत्तेच जास्त छळतात: रस्त्यांना नावं नाहीत, मंदिराच्या चौकापासून मोजलेले आकडे, ‘९०० पूर्व, ४७०० दक्षिण’. आणि लीहायला गेलात तर शून्य पुन्हा वेगळा. बॉयसी २,७०० फुटांवर, त्यामुळे डाळ बरी शिजते, पण किराण्यावर ६ टक्के विक्रीकर आणि ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर. आई-बाबांना मुंबईहून तिथवर आणायचं म्हणजे व्हीलचेअरसकट तिसरं विमान. डेन्व्हरला फ्रँकफर्ट किंवा लंडनमार्गे दोन विमानांत भागतं.

डाळीचं सांगून ठेवतो. डेन्व्हरला पाणी ९५ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात राजमा शिजवायचा हट्ट धरू नये. कुकरला दोन हजार फुटांच्या वर दर हजार फुटांना ५ टक्के वेळ जादा द्यावा, म्हणजे वीस मिनिटांच्या तुरीला तेवीस. शिट्ट्या मोजू नयेत. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की जुन्या घरांच्या छपरावर चक्क नागपुरी कूलर असतो; वाळा मात्र मिळत नाही. आणि अंगणात पावसाचं पाणी साठवायचं तर दोनच पिंपं, मिळून ११० गॅलन. २०१६पर्यंत तेवढंही बेकायदा होतं, कारण तुमच्या छपरावर पडलेलं पाणी खाली कुठल्यातरी जुन्या हक्कदाराचं!

‘कोणी कधी खरेदी रद्द केली का तुमच्यामुळे?’ बायकोनं विचारलं. ‘केली,’ आजोबा अभिमानानं म्हणाले, ‘पण दुसरे येतातच.’ माणूस आम्हाला हाकलायलाच आला होता, आणि तासाभरात त्यानं जे सांगितलं ते आम्हाला विकायला उभ्या असलेल्या एकानंही सांगितलं नाही. कमिशनवाल्यांकडून ऊन घ्यावं आणि माती शेजाऱ्याकडून, एवढं मला कळलं.

आजोबांना एक मात्र ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगत बसलो नाही. एच-१बीवाल्याला, म्हणजे कंपनीच्या नावावर कामाचा व्हिसा असलेल्याला, नुसतं सामान हलवून भागत नाही. नव्या महानगर क्षेत्रात जायचं तर कंपनीनं आधी व्हिसाच्या दुरुस्तीचा अर्ज भरायचा. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस. म्हणून मित्र फोटो पाठवतात ते मोंटानाचं बोझमन यादीतून पहिल्याच रात्री गेलं. तिथे दुसरा मालक कुठून आणू? डेन्व्हर किंवा लीहायला निदान दारं ठोठावायला दहा ऑफिसं आहेत. डोंगर, ऊन, शाळा, रेडॉन, सगळ्यांच्या आधी हे मोजावं लागतं. ३० वर्षांचं मॉर्गेज हसत देतात, राहायची परवानगी तीन-तीन वर्षांची. मुलगा २१चा व्हायच्या आत ग्रीन कार्डाचा नंबर लागेल का, याचा तक्ता कुठल्याही ‘राहण्यायोग्य शहरां’च्या यादीत नसतो. भाव म्हणे आम्ही वाढवले.

शाळांचं अजून बघायचंय. युटा आणि आयडाहो मुलामागे खर्च करण्यात देशात तळाला आहेत. कोलोरॅडोत निम्म्याहून जास्त शाळा-जिल्हे आठवड्याला चारच दिवस शिकवतात. बहुतेक खेड्यांतले, पण डेन्व्हरजवळच्या ब्रायटनमध्येही २०१८पासून सोमवारी शाळा बंद. चिरंजीवांना ब्रायटन एकदम आवडलंय.

एजंटबाईंकडे मी मेट्रो डिस्ट्रिक्टचा आकडा आणि मातीचा अहवाल लेखी मागितलाय. सोमवारी पाठवते म्हणाल्या. आज गुरुवार आहे. सकाळी त्यांचा मेसेज आला, त्यात झुंबराच्या दुकानाचा पत्ता होता.