‘बायकांनी पाच किलोच्या वर उचलू नये’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

‘भगिनींनो सावधान! जिममध्ये वजन उचलण्याआधी हे नक्की वाचा’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज सध्या फिरतोय. वर दोन बाणांचं चिन्ह, म्हणजे शेकडो ग्रुप पालथे घालून आलेला, खाली ‘एका प्रसिद्ध डॉक्टरांचा सल्ला’, आणि डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. ज्यांच्याकडे आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाईने पाच किलोच्या वर काही उचलू नये, गर्भाशय खाली सरकतं. जड वजनाने शरीर पुरुषी होतं, दाढी-मिशा फुटतात. पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ, वजन उचललं की मणका मोडतो, त्यापेक्षा चालणं पुरे. मुलींची उंची खुंटते. प्रोटीनने किडनी जाते. जिम सोडली की मसलची चरबी होते. ट्रान्सफॉर्मेशन वगैरे सगळं पैसे उकळायचं फॅड. आणि शेवटी उपाय: रोज पश्चिमोत्तानासन आणि हलासन करा, दहा बहिणींना पाठवा.

एरवी मी असले मेसेज न वाचताच उडवते. पण हा माझ्या मावशीकडे पोचला, तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून, आणि तिने ट्रेनरला परस्पर कळवून टाकलं की मी आता येणार नाही. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, नाशिकला सिडकोत राहते, डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजतात तो) कंबरेच्या मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून दिलेला आकडा, उणे २.६ आलेला. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. ऑर्थोच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कॅल्शियम दिलं आणि सांगितलं की नीट शिकवणारा माणूस बघा आणि वजनाचा व्यायाम सुरू करा. तिने केला, जमत होतं, आवडत होतं, आणि मग एका निनावी डॉक्टरने रिपोर्ट हातात घेऊन बोलणाऱ्या डॉक्टरला हरवलं. म्हणून लिहितेय, आणि हो, चिडूनच लिहितेय.

पाच किलोपासून सुरू करू. घरातल्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, टाकी धरून तीसच्या आसपास जातं, तो दारातून ओट्याखाली कोण नेतं? पाण्याचा मोठा जार वीस लिटरचा, म्हणजे वीस किलो. आट्याची पिशवी दहा किलोची. दीड-दोन वर्षांचा नातू कडेवर घेतला की दहा-बारा किलो, आणि तो वळवळतो, बारबेल (जिममधला वजनाचा दांडा) निदान गप्प तरी बसतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या हंगामात भरलेले क्रेट उचलणाऱ्या बायका बघा, उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या बघा. त्यांच्या गर्भाशयाची काळजी करणारा मेसेज मला तरी आजवर आलेला नाही. म्हणजे बाईने घरासाठी, बागेसाठी, पाण्यासाठी ओझं वाहिलं तर कुणाला काही नाही, तेच तिने बूट घालून स्वतःच्या हाडांसाठी उचललं की लगेच सावधान.

आता यातलं अर्धसत्य. नाइलाजाने मान्य करते, कारण अंग बाहेर येणं, म्हणजे गर्भाशय खाली सरकणं, हा त्रास खरा आहे आणि बायका तो वर्षानुवर्षं लपवतात. पण त्याची मोठी कारणं म्हणजे बाळंतपणं, वय, पाळी गेल्यानंतरचे बदल, लठ्ठपणा, जुनाट खोकला आणि कायमची बद्धकोष्ठता. रोजचं जड ओझं हेही एक कारण धरतात, त्यामुळे हंडेवाल्या बायकांचं उदाहरण देऊन ‘बघा त्यांना काही होत नाही’ असं मी म्हणणार नाही, कारण होतं. बाळंतपणानंतर लगेच, विश्रांती न घेता, कुणी काही न शिकवता उचलावं लागलं की होतं. ज्यांना आधीच हा त्रास आहे किंवा नुकतीच डिलिव्हरी झालीये त्यांनी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं, शक्य असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारी फिजिओ गाठावी आणि श्वास कोंडून कुंथत उचलू नये. इतकं लिहिलं असतं तर मीही तो मेसेज पुढे पाठवला असता. ‘पाच किलो’ हा सरसकट आकडा मात्र ज्याने टाकला त्याने आयुष्यात सिलिंडर बदललेला नाही.

सगळ्यात राग हाडांच्या मुद्द्याचा येतो, कारण तिथे मेसेज नुसता चुकीचा नाहीये, उलटा आहे. हाड म्हणजे खडू नव्हे. ते जिवंत असतं, भार पडला की आतल्या पेशींना कळतं आणि तिथे भर पडते, भार गेला की शरीर ते काढून घ्यायला लागतं. अंतराळवीरांचं बघा, वजनच नाही म्हटल्यावर कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घटते, म्हणून त्यांना अंतराळ स्थानकावर खास यंत्र बसवून स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून ताठ उभं राहणं) करायला लावतात. तरण्याताठ्या, फिट माणसांची ही गत, आणि आपण पाळी गेलेल्या बाईला सांगतोय की बसून रहा, नाहीतर मोडशील!

ज्यांना पुरावा हवाय त्यांच्यासाठी एकच देते, पण नीट देते. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ युनिव्हर्सिटीत ‘लिफ्टमोर’ नावाचा अभ्यास झाला, २०१८ साली हाडांवरच्या एका मोठ्या जर्नलमध्ये छापून आला. पाळी गेलेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५, सगळ्यांची हाडं आधीच विरळ झालेली. म्हणजे हुबेहूब मावशी. अर्ध्या जणींना आठ महिने आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट, डोक्यावर बारबेल ढकलणं आणि उडी मारून जमिनीवर उतरणं असा व्यायाम दिला, पाच सेट, प्रत्येकात पाच वेळा. वजन किती? त्या बाईला एकदाच जेमतेम उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांच्या वर. गुलाबी डंबेल नाही, खरं जड. बाकीच्या जणींना घरी करायला हलका व्यायाम. आठ महिन्यांनी हलकावाल्यांची कंबरेच्या मणक्याची घनता १.२ टक्क्यांनी घटलेली आणि जडवाल्यांची २.९ टक्क्यांनी वाढलेली. मोडले किती मणके? एकही नाही. एका बाईची कंबर थोडी धरली, तिची दोन सेशन बुडाली, एवढाच काय तो अपघात. आणि गंमत म्हणजे जडवाल्यांची उंचीसुद्धा सरासरी दोन मिलिमीटरने वाढली, पाठ ताठ झाल्यामुळे असणार.

पण हे वाचून कुणी उद्या सकाळी जिममध्ये घुसून बार उचलू नका. त्या बायकांना पहिला महिना हलक्या वजनावर नुसतं तंत्र शिकवलं होतं आणि प्रत्येक सेशनला शिकवणारे समोर उभे होते. मावशीचंही तसंच झालं. ट्रेनरने आधी तिच्या पाठीला प्लास्टिकची काठी टेकवली, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला चिकटून राहिलं पाहिजेत असं वाकायला शिकवलं. मग रिकामा बार, तोही लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, म्हणजे फार खाली वाकावं लागू नये. मग सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट. बांगड्या काढून रुमालात बांधते, हाताला पावडर लावते, आणि उचलण्याआधी पुटपुटते काहीतरी, अभंग असावा.

‘त्यापेक्षा चालणं पुरे’ याबद्दल एवढंच, की मावशी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर वर्षानुवर्षं चालतेय आणि उणे २.६ तरीही आलाच. चालणं हृदयाला, शुगरला, मनाला उत्तम, सोडू नकाच, पण हाडांना त्या भाराची कधीच सवय झालेली असते, त्यातून त्यांना नवीन काही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही चालण्या-पळण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करा असं लिहिलंय, आणि ते बायकांना वगळून नाही लिहिलेलं.

दाढी-मिशा. बरं. बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन पुरुषांच्या साधारण दहावा-पंधरावा हिस्सा असतं आणि डेडलिफ्टने ते त्यांच्याइतकं होत नाही. पुरुषांना, ज्यांच्यात ते भरपूर आहे, त्यांना विचारा दंडाचा घेर एक इंच वाढायला किती महिने घासावं लागतं. आमच्या शेजारचा पोरगा दोन वर्षं जिमला जातोय आणि अजून टी-शर्ट घट्ट घेऊनच काम भागवतो. मग मावशी चुकून दोन महिन्यांत पैलवान कशी होईल? वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकला ४९ किलो गटात रौप्य घेतलं तेव्हा क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो डोक्यावर नेले होते, स्वतःच्या दुपटीहून जास्त. बघा तिचे फोटो, कुठेय दाढी? ज्या बायकांचे फोटो तो मेसेजवाला डोळ्यांसमोर आणतोय त्यातल्या बऱ्याच जणींच्या मागे औषधं असतात, इंजेक्शनं असतात, तो विषय वेगळा आणि वाईटच आहे. हनुवटीवर अचानक केस वाढायला लागले तर हार्मोनची तपासणी करून घ्या, जिमला दोष देत बसू नका.

उंची खुंटते हे मी लहानपणापासून ऐकतेय, तेव्हा ते मुलांबद्दल सांगायचे, आता मुलींवर आलंय. नीट देखरेखीखाली केलेल्या वजनाच्या व्यायामाने वाढ खुंटते याला पुरावा नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये तसं लेखी म्हटलंय. वेटलिफ्टर बुटके दिसतात कारण बुटक्यांना तो खेळ सोपा जातो, बास्केटबॉल खेळून कुणी उंच होत नाही तसंच हे. आणि लांब कशाला जाता, आपल्याच जिल्ह्यातल्या मनमाडच्या पोरी देशभर वेटलिफ्टिंगची पदकं घेतायत, आकांक्षा व्यवहारेने २०२२ मध्ये मेक्सिकोत युवा जागतिक स्पर्धेत ४० किलो गटात रौप्य आणलं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर ती बातमी फिरली होती का? नाही.

मसलची चरबी होत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्यायाम थांबला की एक घटते आणि खाणं तेवढंच राहिलं तर दुसरी वाढते, विषय संपला.

प्रोटीनबद्दल अर्धं मान्य. ज्यांची किडनी आधीच बिघडलेली आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही वाढवू नये. आणि पावडरच्या डब्यांमागे धावू नये हे तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार-सूचनांमध्ये सांगितलंय. पण ‘प्रोटीन’ म्हणजे डबा नव्हे हो. आपल्याकडची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे मावशीच्या ५८ किलोला रोज ४८ ग्रॅम. पोळी-भाजी आणि वाटीभर पातळ वरणात ते होत नाही, मी बसून हिशोब केलाय. माळ आहे, अंडं चालत नाही, मग मोड आलेली मटकी, दही, फुटाणे, पनीर, सोयाबीनची भाजी. ही मटकी खाऊन किडनी गेली असती तर मिसळीच्या जिवावर जगणारं अख्खं नाशिक एव्हाना डायलिसिसवर असतं.

राहिला ट्रान्सफॉर्मेशनचा मुद्दा. इथे मेसेजवाल्याशी माझं थोडं जमतं, आवडत नाही पण जमतं. ‘९० दिवसांत नवे तुम्ही’ वाल्या पॅकेजचे ते बिफोर-आफ्टर फोटो, पहिल्यात पोट सोडून ट्यूबलाइटखाली उभं करायचं, दुसऱ्यात पोट आत ओढून बाजूने लाइट, त्यावर कडक आवाजातली मोटिव्हेशनची रील, ‘दुखलं तरी थांबू नका’. दुखलं तर थांबायचं, बाई. स्नायू भरून येणं वेगळं आणि सांध्यात कळ येणं वेगळं. पण त्यामुळे सगळंच फॅड ठरत नाही. मावशीचा फोटो काढून लावला तर कुणी लाइक करणार नाही, वजन जेमतेम एक-दोन किलो इकडे-तिकडे झालंय. बदल दिसतो तो पंगतीत मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठते तेव्हा, आणि वणीला सप्तशृंगी गडावर गेलो तेव्हा फ्युनिक्युलरच्या (वर नेणाऱ्या ट्रॉलीच्या) रांगेकडे न बघता पायऱ्यांकडे वळली तेव्हा. आणि मोटिव्हेशन म्हणाल तर तिच्याकडे एक चौकटीची वही आहे, त्यात तारीख, व्यायाम, किलो, आणि मागच्या वेळेपेक्षा वाढलं की शेजारी लाल पेनने बरोबरची खूण, शाळेत मुलांच्या वह्यांवर करायची तशी. त्या खुणेसाठी ती पावसात छत्री धरून जाते.

शेवटी तो उपाय, आणि हा मला सगळ्यात धोकादायक वाटतो कारण तो सगळ्यात निरुपद्रवी दिसतो. पश्चिमोत्तानासन आणि हलासन या दोन्हींत पाठ पूर्ण गोल होते, हलासनात तर वरून शरीराचा भार मानेवर आणि खांद्यांवर येतो. मणक्याची हाडं विरळ झालेल्या माणसाने नेमकं हेच टाळायचं असतं, कारण पुढे वाकल्यावर मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि ती कडा चेपू शकते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९८४ मध्येच दाखवलं होतं की ऑस्टिओपोरोसिसच्या बायकांमध्ये पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्यांचे मणके मागे वाकणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त चेपले. छोटा अभ्यास होता, पण तेव्हापासून हाडांचे डॉक्टर हे सांगत आलेत. म्हणजे मणका मोडेल म्हणून डेडलिफ्ट सोडा म्हणणारा माणूस त्याच बाईला मणका चेपणारी आसनं देतोय, तीही रोज.

योगाशी माझं भांडण नाही. मावशीने योगा क्लासच्या मॅडमना डेक्साचा रिपोर्ट नेऊन दाखवला, त्यांनी पाच मिनिटांत पुढे वाकायची आसनं काढून टाकली, भुजंगासन, वीरभद्रासन आणि तोल सांभाळायची वृक्षासन वगैरे ठेवली. ट्रेनरला मी फोन केला, त्याने तिची वेळ दुसऱ्या कुणाला दिलेली नव्हती. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेनऊ, गर्दी ओसरल्यावर. मंडळातल्या अजून दोघींनी विचारलंय, त्यांना सांगितलंय की आधी स्कॅन करून या, बीपी गोळ्यांनी ताब्यात आहे का ते बघा, आणि जाड स्पंजचे बूट नकोत, सपाट तळाचे आणा.