इच्छा लिहून देणं पुरेसं नाही

‘प्रसूतीबद्दलच्या इच्छा आधी लिहून दिल्या की मिडवाइफ (प्रसूती करणारी प्रशिक्षित सुईण) त्या पाळतेच’, असं एका लेखात वाचलं. पाळते हो, पण ऐन वेळी तीच हजर असेल तर! माझ्या पहिल्या खेपेला महिनोन् महिने तपासणारी एक आणि कळा सुरू झाल्यावर समोर आलेली भलतीच. कागद फाइलमध्येच राहिला आणि मला सरळ पाठीवर झोपवलं. दुसऱ्या खेपेला नाव नोंदवण्याआधीच विचारून घेतलं: तुमची सुट्टी असेल तर कोण येणार? डॉक्टरांना कधी बोलावता? बाळ बाहेर येताना खाली छेद सरसकट घेता का? या प्रश्नांना जिथे कपाळावर आठी पडते, तिथून सरळ उठावं.

आणि हे बाईचे नखरे नव्हेत, हे त्या लेखात यायलाच हवं होतं. सोबत आपल्या पसंतीचं माणूस, सोयीची वाटेल ती स्थिती, सरसकट छेद नको, हे सगळं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतच आहे. माझी दुसरी मिडवाइफ दर वेळी ‘आता तपासू का?’ विचारायची आणि कळ ओसरेपर्यंत हातमोजे घालून नुसती थांबायची. म्हणूनच बाळाचे ठोके मंदावल्यावर ती ‘आता डॉक्टर हवेत’ म्हणाली, तेव्हा मी एका शब्दानेही हुज्जत घातली नाही.