राऊटरवरचं '5जी' आणि मेंदू शिजवणारा फॉरवर्ड

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. थोडक्यात असा: राऊटरच्या नावापुढे '5जी' दिसत असेल तर मोबाइलचा टॉवरच तुमच्या घरात येऊन बसलाय. वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी एकच, म्हणजे रात्रभर मेंदू शिजतोय. हे रेडिएशन बंद खोलीत साचत जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं ते कॅन्सरकारक ठरवलंय. तेव्हा झोपताना राऊटर बंद करून मोबाइल डेटा वापरा, नाहीतर राऊटरला फॉइल गुंडाळा. आणि अर्थात, दहा जणांना पाठवा.

नेटवर्क जोडणं-दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे "खरंय का हो हे?" असं तिघांनी मला वेगवेगळं विचारलं. एकदाच लिहून टाकतो.

'5जी'चा घोटाळा निव्वळ नामसाधर्म्याचा आहे. फोनवरच्या 5जी मधला 'जी' म्हणजे जनरेशन, मोबाइल नेटवर्कची पाचवी पिढी. राऊटरच्या नावामागे लागतं ते 5 गिगाहर्ट्झचं आखूड रूप. लहर सेकंदाला पाच अब्ज वेळा हेलकावते, एवढंच ते सांगतं. 5 गिगाहर्ट्झवरच्या वायफायचं मानक 1999 सालचं आहे, तर भारतात 5जी सेवा सुरू झाली 1 ऑक्टोबर 2022 रोजी. गंमत म्हणजे आपल्याकडचं मोबाइलचं 5जी मुख्यतः 3.3 ते 3.67 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. राऊटरच्या पाचापेक्षा खालीच.

आता ओव्हन. या मुद्द्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. घरगुती ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो आणि वायफायचा जुना पट्टा 2.4 ते 2.48 च्या आसपासचा. ब्लूटूथही तिथलंच. परवाना न काढता वापरता येणारी ती मोकळी जागा आहे, त्यामुळे तिथे गर्दी. ओव्हनमधून जी किंचित गळती होते तिचा परिणाम तुम्ही पाहिलाही असेल: दूध गरम करायला ठेवलं की स्वयंपाकघरातला व्हिडिओ कॉल अडखळतो.

पण शिजवायला जोर लागतो, आणि मेसेज नेमका जोराबद्दल गप्प आहे. ओव्हन साधारण 800 वॅट सोडतो, तेही धातूच्या बंद पेटीत कोंडून. घरातला राऊटर साधारण 0.1 वॅट, चारही दिशांना पसरून. आठ हजार पटींचा फरक. गॅसची शेगडी आणि देवापुढचं निरांजन, दोन्हीकडे ज्योतच असते. निरांजनावर भात शिजल्याचं कुणी पाहिलंय? शिवाय 2.45 ही काही पाण्याला उकळी आणणारी जादूची संख्या नाही. 0.915 गिगाहर्ट्झवरचे औद्योगिक ओव्हनही अन्न तापवतातच.

अंतराचा हिशोब तर फारच बोलका आहे. सिग्नल मोजायचं कुठलंही ॲप उघडा, डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या एककात, आकडा दिसेल. दर दहाला जोर दहापट बदलतो. राऊटर सोडतो +20 आणि पलीकडच्या खोलीत फोनला मिळतात समजा उणे 60. मधे ऐंशीचा फरक, म्हणजे राऊटरनं सोडलेल्या ऊर्जेचा दहा कोटींवा हिस्सा फोनच्या अँटेनाला मिळाला. आणि तेवढ्यावर सिनेमा न अडखळता चालतो! मला या कारागिरीचं आजही अप्रूप वाटतं.

'रेडिएशन' या शब्दानं मराठीत आणखी गोंधळ घातलाय. बातम्यांत त्याचं सरसकट 'किरणोत्सर्ग' होतं आणि डोळ्यांसमोर चेर्नोबिल येतं. सातवीच्या पुस्तकातला शब्द आठवा: वहन, अभिसरण, प्रारण. उन्हाची ऊब येते ती प्रारणानं. वायफायही प्रारणच, आणि तेही दृश्य प्रकाशापेक्षा कितीतरी खालचं. रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण दहा लाखांवा भाग वायफायच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या सगळ्यात छोट्या पुडीत, असतो. ऊतींवर होणारा सिद्ध परिणाम म्हणजे किंचित तापणं, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा त्यावरच बेतलेल्या आहेत.

साचण्याचं एका वाक्यात: रात्री दिवा मालवल्यावर सकाळपर्यंत खोलीत किती उजेड शिल्लक राहतो?

आरोग्य संघटनेचा दाखला मात्र हवेतला नाही. तिच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2011 मध्ये रेडिओ लहरी '2बी' गटात टाकल्या. या गटाचा अर्थ 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा'. तो पुरावाही मुख्यतः कानाला लावून तासन्‌तास बोललेल्या मोबाइलचा होता. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियाई पद्धतीच्या मुरवलेल्या भाज्याही. 'ठरवलंय' हा शब्द मेसेज लिहिणाऱ्याच्या पदरचा.

मला खरा राग येतो तो उपायांचा. राऊटर बंद करून मोबाइल डेटा वापरा म्हणे! टॉवर जितका लांब, भिंती जितक्या जाड, तितका फोन जास्त जोर लावतो. 4जी फोनची मर्यादा सुमारे 0.2 वॅट, म्हणजे राऊटरच्या दुप्पट. आणि फोन असतो उशीशेजारी, राऊटर दिवाणखान्यात. लहरींना भिऊन हा उपाय केला तर पदरी लहरी जास्तच पडण्याची शक्यता. पोरांनी वेळेवर झोपावं किंवा महिन्याला दोनेक युनिट वाचावीत म्हणून राऊटर बंद करत असाल, तर खुशाल करा.

फॉइलचा प्रयोग आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी करून पाहिला. "नेट स्लो झालंय, जरा बघतोस का?" म्हणून बोलावलं होतं. बघतो तर राऊटर टीव्हीच्या मागे, बर्फीसारखा वर्ख लावून बसलेला. आतल्या खोलीत फोन उणे 84 दाखवत होता आणि दर दोन मिनिटांनी वायफाय सोडून मोबाइल डेटावर उडी मारत होता. तळमजल्यावर मोबाइलचीही जेमतेम एक काडी. फॉइल सोडवलं, राऊटर कपाटावर उभा केला; आकडा उणे 58 वर आला. काकूंनी मेसेज आलेला ग्रुप म्यूट केला, फॉइल हातानं सपाट करून घडी घातली आणि पोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.