गड रिकामा करून गाव सुंदर होत नसतं

मागच्या महिन्यात आम्ही फ्रान्समधल्या सँ-सिर्क-लापोपी या गावाला जाऊन आलो. आम्ही राहतो त्या तुलूझहून पावणेदोन तास, ए-20 महामार्गाने काओर शहरापर्यंत आणि मग लॉट नदीच्या काठाकाठाने तीसेक किलोमीटर. नदीपासून सरळ वर शंभरेक मीटरचा कडा आणि त्या कड्याला चिकटून सगळं गाव, पिवळट दगडाच्या भिंती, उभट तपकिरी कौलारू छपरं, मधे चर्च. मी चार फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले आणि तिथून जे सुरू झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

पुण्याच्या दादाने लिहिलं, "बघा, याला म्हणतात वारसा जपणं. आठशे वर्षं गाव तसंच्या तसं. आणि आपल्या पन्हाळ्यावर बघा, पत्रे, फ्लेक्स, झुणका-भाकरीच्या टपऱ्या. एकदा गडावरची सगळी घरं उठवा, मग बघा कसं दिसतं ते." खाली पटापट अंगठे आले. एक कॅलिफोर्नियातून, दोन ठाण्यातून. कुणीतरी युनेस्कोची बातमी परत टाकली. 2025 च्या जुलैत बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात पन्हाळा आहे, आणि त्याच्या आधी गडावरच्या लोकांनी विरोध केला होता, आता आपली घरं जाणार, साधी दुरुस्तीही करता येणार नाही या भीतीने. तर ग्रुपवर त्या लोकांनाच नावं ठेवणं सुरू. सगळ्यात शेवटी माझा मामेभाऊ, जो गडावरच राहतो, त्याने एकच ओळ लिहिली. "आणि आम्ही कुठं जायचं?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. फोटो माझे होते म्हणून मला ते जास्त लागलं.

पहिली गोष्ट, आठशे वर्षं तसंच्या तसं वगैरे काही नाही. तिथल्या किल्ल्याचे आता अवशेषच उरलेत. तीन घराण्यांचा मिळून तो किल्ला होता, फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने 1471 मध्ये पाडायला लावला, जे उरलं होतं ते 1580 मध्ये आंरी द नावारने, जो पुढे फ्रान्सचा राजा झाला. गावात सुतार होते, लाकूड कातणारे. बॉक्सवुडचे नळ करायचे, दारूच्या पिंपांना लावायचे. एका दुकानात तसा एक नळ हातात घेऊन बघितला, बोटाएवढा, पिवळा, इतका गुळगुळीत की हस्तिदंताचा वाटावा, आणि फिरवला की आत लाकडावर लाकूड घासल्याचा बारीक आवाज येतो. काओरच्या दारूला हे नळ लागायचे, माल नदीने जायचा. मग रेल्वे आली, नदीची वाहतूक संपली, 1870 नंतर फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षमळे खाल्ले, आणि पोट भरेना म्हणून माणसं गाव सोडून गेली. पडलेली घरं चित्रकारांनी विकत घेतली. कवी आंद्रे ब्रेतों 1950 मध्ये तिथे आला, पुढच्या वर्षी घर घेतलं आणि 1966 मध्ये वारेपर्यंत उन्हाळे तिथे काढले. उन्हाळे म्हणतेय मी, वर्षं नाही. ते गाव आज असं दिसतं याचं एक मोठं कारण हे की शंभर वर्षं तिथे कुणाकडे नवीन बांधायला पैसेच नव्हते. हे काय आपण कॉपी करायचं?

आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो ते तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. नदीकाठी बूझिएसपासून खडकात कोरलेली जुनी वाट आहे, नावा ओढून न्यायची, त्या वाटेने चालत वर आलो तेव्हा पाच वाजले होते आणि अंधार पडत होता. लेकीने खेळ म्हणून गल्लीतले उजेड मोजायला घेतले. एका गल्लीत चौदा घरं, तीन खिडक्यांत दिवा, बाकी सगळ्यांचे व्होले, म्हणजे खिडक्यांची बाहेरची झडपं, बंद. एक मांजर तेवढं होतं. बुलांजरी म्हणजे पावाचं दुकान बंद, क्रेपवाला बंद, पार्किंगचं मशीन तेवढं चालू. कम्यूनची, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीची, लोकसंख्या दोनशेच्या आसपास, त्यातलेही बरेच खाली आणि आजूबाजूच्या वाड्यांवर राहतात, आणि बघायला येणारे वर्षाला काही लाख, बहुतेक उन्हाळ्यात. 2012 मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत फ्रेंच लोकांचं सगळ्यात आवडतं गाव म्हणून निवडून आलं, त्यानंतर तर विचारूच नका. घरं आहेत, पण ती पॅरिसवाल्यांची, इंग्रजांची, डच लोकांची. जुलै-ऑगस्टात उघडतात.

पन्हाळ्यावर तीन हजारांच्या आसपास माणसं राहतात, बाराही महिने. तहसील कार्यालय आहे, शाळा आहेत, पावसात धुकं असलं तरी दूधवाला येतो. तीन दरवाजाजवळ मावशी चुलीवर भाकरी थापतात, धूर होतो, हो, होतो. मला तो धूर सँ-सिर्कच्या चौदा बंद घरांपेक्षा जवळचा वाटतो आणि हे मी फ्रान्समध्ये बसून म्हणतेय. आणि गड म्हणजे माणसं नकोत हे कुणी ठरवलं? गंगा, यमुना, सरस्वती ही धान्याची कोठारं काय पर्यटकांसाठी बांधली? 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला तेव्हा आत माणसं होती म्हणूनच गड लढला ना. ताराबाईंच्या काळात कोल्हापूरच्या गादीची राजधानी होती ती, राजधानीत वस्ती नसते का?

आता फ्लेक्स. फ्लेक्स मलाही नकोत, आणि तटबंदीला टेकवून पत्र्याची शेड टाकलेली बघितली की माझंही डोकं फिरतं. मी नियमांच्या विरोधात अजिबात नाही. उलट मी नियमांत राहते. तुलूझच्या जुन्या भागात आमचा फ्लॅट आहे, खिडक्या बदलायच्या होत्या, मेअरीत म्हणजे नगरपालिकेत अर्ज केला, तो ए-बे-एफकडे, म्हणजे जुन्या वास्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी वास्तुविशारदाकडे गेला, दोन महिन्यांनी परवानगी आली, पण लाकडी खिडकीचीच, पीव्हीसी चालणार नाही, काचेचे भाग पूर्वी होते तेवढेच, रंग ठरलेल्या यादीतला. महाग पडलं. पण केलं, आणि आता रस्त्यावरून वर बघितलं की बरं वाटतं.

फरक मला नेमका इथे दिसतो आणि ग्रुपवर तेच लिहायला गेले. फ्रान्समध्ये 1943 च्या कायद्याने संरक्षित वास्तूच्या भोवती पाचशे मीटरपर्यंत त्या वास्तुविशारदाचा शब्द चालतो. पाचशे मीटर म्हणजे खूप झाले. पण तो माणूस सांगतो काय, तर असं कर. कौल हे लाव, चुन्याचा गिलावा कर, सोलर पॅनल मागच्या बाजूला घे. आपल्याकडे 2010 मध्ये कायदा बदलल्यानंतर केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरमध्ये नवीन बांधकामच नाही, पुढचे दोनशे मीटर परवानगीने, आणि परवानगीसाठी शिफारस करणारं प्राधिकरण दिल्लीला. शंभर मीटरच्या आत दुरुस्ती करता येते, पण तिचीही परवानगी काढायची. पोरगा लग्नाचा झाला, एक खोली वाढवायचीय, तर सरळ नाही. कसं कर हे कुणी सांगत नाही. मग माणूस काय करणार, सुट्ट्या बघून चार दिवसांत पत्रा टाकून मोकळा होणार. आणि तोच पत्रा दादाला फोटोत दिसतो.

आणि पैसे! हे तर कुणी बोलतच नाही. इथे जुनं घर जपणाऱ्याला टॅक्समध्ये सूट आहे, फोंदासियों द्यु पात्रिमोआन नावाची मदत करणारी संस्था आहे, 2018 पासून वारशासाठी वेगळी लॉटरी आहे, माझे सहकारी कॉफीच्या वेळी ती तिकिटं खरवडत बसतात. फ्रान्सच्या सर्वात सुंदर गावांची संघटना 1982 मध्ये सुरू झाली, कोलोंज-ला-रूज गावाच्या महापौराने काढली, त्यात यायला गावाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत लागते आणि गावाच्या कौन्सिलने स्वतः ठराव करून अर्ज करावा लागतो. म्हणजे गाव आधी हो म्हणतं, मग पाटी लागते. पन्हाळ्याच्या लोकांना आधी पाटी कळली आणि आपलं काय होणार ते नंतर विचारावं लागलं. चिडणार नाहीत तर काय?

हे सगळं मी ग्रुपवर टाइप केलं, तीन मेसेज झाले. त्यात लिहिलं होतं, "आमच्याकडे असं नाही, आमच्याकडे ए-बे-एफ घरी येऊन बघतो." मामेभावाने विचारलं, "ताई, आमच्याकडे म्हणजे कुठं?"

त्याने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं. वाक्याच्या सुरुवातीला मी गडाच्या बाजूने भांडत होते आणि शेवटी तुलूझची झाले होते आणि मला कळलंही नव्हतं. मी मोबाइल उलटा करून ठेवला आणि भांडी घासायला घेतली.

कारण त्यात अजून एक गोष्ट होती जी त्याला माहिती आहे, मला माहिती आहे आणि ग्रुपवर कुणी बोलत नाही. गडावर आजीच्या घराच्या दोन खोल्या आईच्या नावावर आहेत, आई गेली, आता माझ्या. काळ्या दगडाच्या भिंती, वर नळीची कौलं, पुढच्या दाराला पितळी कडी. लहानपणी सगळी मे महिन्याची सुट्टी तिथे. मी तिथे रात्रीची शेवटची राहिलेय त्याला नऊ वर्षं झाली. भारतात येते तेव्हा कोल्हापुरात हॉटेल घेते, मुलांना संडासाचा प्रश्न येतो, गडावर दोन तास जातो, तीन दरवाजाशी फोटो, मामीच्या हातचा चहा, की खाली. खोल्या बंद. कौलं मामेभाऊ दर वर्षी शाकारून घेतो, स्वतःच्या पैशाने, मला सांगतही नाही.

सँ-सिर्कच्या त्या चौदा घरांतल्या अकरा घरांचे मालक मला आवडत नाहीत असं मी नवऱ्याला किती वेळा म्हटलंय. त्यांनी गाव मारलं, भाव एवढे वाढवले की तरुण जोडप्याला तिथे घर परवडत नाही. आणि पन्हाळ्यावर माझं काय आहे? बंद व्होलेच आहेत. दादाला मी इतकं तावातावाने उत्तर दिलं त्यात थोडं हेही होतं, गडावरच्या लोकांची बाजू घेतली की मी त्यांच्यातली ठरते असं कुठेतरी वाटत होतं. मी त्यांच्यातली आहे का हे मला खरंच सांगता येणार नाही. पण घरं उठवा म्हणणाऱ्यांतली मी नाही, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी भावाला वेगळा फोन केला. त्याने शांतपणे सांगितलं की वाशांना वाळवी लागलीय, यंदाचा पाऊस निघणार नाही. पत्रा टाकला तर चार दिवसांचं काम, स्वस्त. कौलं परत घालायची तर वासे बदलायला लागणार, आणि कौलाचं काम करणारे मिस्त्री आता मिळत नाहीत, होते ते म्हातारे झाले, पोरं सगळी स्लॅबच्या कामावर. एक जण आहे खाली बुधवार पेठेत, त्याला धरायचं तर आत्ताच धरायला पाहिजे. आणि परवानगी काढायची ती वेगळी. मी लगेच म्हटलं, "कौलंच घाल, पैसे मी पाठवते." तो म्हणाला, "पैशाचं नाही गं ताई. कौलांचं घर बंद ठेवून चालत नाही. आत चूल पेटायला लागते, माणसाचा वावर लागतो, नाहीतर दोन वर्षांत परत वाळवी. तू येणार असशील राहायला महिना-दोन महिने, तर कौलं घालू. नाहीतर पत्रा टाकतो, निदान भिंती राहतील."

म्हटलं, सुट्ट्या बघून सांगते.

"मृगाच्या आधी सांग," तो म्हणाला.

मे अर्धा संपलाय. ऑफिसच्या कॅलेंडरवर माझ्या नावापुढे ऑगस्टचे तीन आठवडे लिहिलेत, फ्रान्सच्याच ब्रिटनी भागातलं सुट्टीचं घर बुक आहे. मी अजून त्याला काही कळवलेलं नाही.