वॉरंटी होती, पण जॉब कार्डवर काय लिहिलं होतं?

बंड्याचं म्हणणं एकच, सतरा लाख मोजून गाडी घेतली, तीन वर्षांची वॉरंटी होती, आणि डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा दिवा लागला तर डीलरकडचा माणूस म्हणतो "साहेब, आ वॉरंटीमां ना आवे", मग वॉरंटीत येतं तरी काय? अप्पा म्हणाले, अरे पण दांडिया बाजारातून मांडवीच्या दुकानात जायला डिझेल गाडी घे म्हणून तुला सांगितलं कोणी? झालं, सूरसागर तलावाच्या पाळीवर तिथून जी जुंपली ती लारीवाला स्टोव्ह बंद करायला लागला तरी संपेना. मी हे सगळं लिहून काढतोय कारण बडोद्यात अर्ध्या लोकांच्या गाड्या अशाच घर ते दुकान, दुकान ते घर चालतात, आणि आमच्या वकील ताईंनी जे सांगितलं ते गाडी बिघडायच्या आधी कळलं तर उपयोग, नंतर कळून फार काही हाती लागत नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही, असं कुठल्याही कंपनीत होऊ शकतं.

आधी बिघाड काय ते. अप्पांची उभी नोकरी मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) गाड्यांचे पार्ट बनवण्यात गेली, त्यामुळे इंजिनाचा विषय निघाला की ते समोरच्याला पूर्ण समजल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं, की एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले, तेव्हापासून डिझेल गाडीच्या एग्झॉस्टमध्ये हा फिल्टर बसवलेला असतो, धुरातली काजळी तो अडवतो, आणि चुलीच्या धुराड्यात बसते तशी ती आत साचत जाते. ती जाळायला फिल्टर सहाशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो. हायवेवर गाडी सलग चालली की एग्झॉस्ट गरम राहतो आणि बरीचशी काजळी आपोआप जळते, नाहीच जळली तर गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम थोडं जास्त डिझेल सोडून ती उष्णता तयार करतो, पण त्यालाही दहा-वीस मिनिटं सलग चालणारी गाडी लागते. बंड्याची गाडी न्याय मंदिरपाशी ट्रॅफिकमध्ये सरपटते, मग मांडवी, मग बंद. जाळायचं काम सुरू होतं आणि अर्ध्यात तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं.

बंड्या म्हणाला मला हे सगळं नको, मला एवढं सांगा की माझी चूक काय. अप्पा काही बोलले नाहीत, उठले, म्हणाले बॉनेट उघड. गाडी समोरच उभी होती, इंजिन केव्हाचं थंड झालेलं. अप्पांनी ऑइलची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, परत घातली, परत काढली, आणि आमच्या नाकासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं. बंड्या खूष, म्हणे बघा, ऑइल पण कमी नाही! अप्पा म्हणाले वास घे. डिझेलचा वास, अगदी स्पष्ट. ते जे जास्तीचं डिझेल सोडलं जातं ना, जाळायचं काम वरचेवर अर्धवट राहिलं की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं, ऑइल पातळ होतं आणि लेव्हल वर चढते. म्हणजे बाहेर नुसता एक दिवा दिसतोय आणि आत बेअरिंगला, टर्बोला पातळ ऑइल मिळतंय. लेव्हल वाढलेली बघून खूष होऊ नका, हे मी प्रत्येक डिझेलवाल्याला सांगेन. ऑइल तर बदलाच, आणि तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं लो-अ‍ॅशच घाला, कारण काजळी जळते पण राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये राहते ती राहतेच.

इथपर्यंत अप्पांचं शंभर टक्के बरोबर. पण पुढे ते म्हणाले की हे सगळं मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, वाचायचं तुझं काम होतं, आणि इथे मला मध्ये बोलावंच लागलं. मॅन्युअल हातात कधी येतं? पैसे भरून, हार घालून, पेढे वाटून झाल्यावर, डिलिव्हरीच्या दिवशी ग्लव्ह बॉक्समध्ये. शोरूममध्ये बुकिंगच्या वेळी जो मुलगा समोर बसतो त्याला हे माहीत असतं, त्याला ट्रेनिंग दिलेलं असतं, त्याने एक प्रश्न विचारायला हवा की रोजचं रनिंग किती, आणि उत्तर आठ-दहा किलोमीटर आलं तर डिझेल देऊ नये, पेट्रोल दाखवावी. लोक रिलायबल गाडी कुठली म्हणून कंपन्यांवरून भांडत बसतात, माझं ठाम मत आहे की चुकीच्या माणसाला विकलेली चांगली गाडीसुद्धा वर्कशॉपमध्येच पडून राहते आणि तो दोष विकणाऱ्याचा आहे.

अप्पांना पटलं नाही. ते म्हणाले सेल्सवाला सांगेल पण गिऱ्हाईकालाच अ‍ॅव्हरेज हवं असतं.

मिल्या एवढा वेळ गप्प होता, त्याने मध्येच त्याचा उपाय सांगितला, की बाहेर एक जण आहे तो डीपीएफ काढून आतलं सगळं पोकळ करून देतो, कॉम्प्युटरमध्ये मॅपिंग मारतो, दिवा कायमचा बंद. अप्पा इतके चिडले की त्यांनी चहा खाली ठेवला. काळा धूर सोडत रावपुऱ्यातून जाणार, शाळा सुटलेली असते, त्या पोरांच्या नाकात जाणार तो धूर, आणि हे बेकायदा आहे, आणि वॉरंटी उरलेली असली तर ती पण त्यातच गेली. यावर कोणी वाद घातला नाही, मिल्याने पण नाही.

पण बाहेरच्या गॅरेजचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बाहेर नुसता नट फिरवला तरी वॉरंटी खलास. ऑगस्ट २०१४ मध्ये कंपन्यांच्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने (सीसीआय) चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, बाहेरच्या गॅरेजला पार्ट आणि टूल मिळू देत नाहीत म्हणून, आणि त्यात हेही सांगितलं होतं की बाहेर काम केलं एवढ्या कारणावर सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, त्या कामामुळे जे बिघडलं असेल तेवढ्यापुरतीच नाकारायची. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबलं, त्यामुळे या आदेशाच्या भरवशावर वॉरंटीतली गाडी बाहेर नेऊ नका, पण काउंटरवरचा माणूस "बाहर काम कराया है तो सब खतम" म्हणाला की कुठल्या बिघाडाचा कुठल्या कामाशी संबंध आहे एवढं तरी विचारा.

आता खरा मुद्दा. ताई आल्या, म्हणजे आमच्या कट्ट्यावर येणाऱ्या वकीलबाई, ग्राहकांच्या केसेस चालवतात. त्यांनी बंड्याचं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा वॉरंटी चालू होती का? हो, चालू होती, चांगले सात-आठ महिने बाकी होते. मग जॉब कार्ड दाखव, म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तक्रार लिहून आपली सही घेतात तो कागद. बंड्याने डिकीतली फाइल आणली, कागद सगळे जपून ठेवलेले, त्याबद्दल त्याचं कौतुक. ताईंनी पहिलं जॉब कार्ड मोठ्याने वाचलं. ग्राहकाची तक्रार या रकान्यात लिहिलंय "जनरल चेकअप, वॉशिंग". दुसरं काढलं, त्यातही "जनरल चेकअप". बंड्या म्हणे मी तोंडाने सांगितलं होतं ना, दिवा लागतो, पिकअप जातो, त्यांनी स्कॅनर लावला, आतल्या आत काजळी जाळून दिली, दिवा गेला, म्हणाले हो गया साहब. कागदावर यातलं एक अक्षर नाही. डीपीएफचा उल्लेख पहिल्यांदा येतो तो वॉरंटी संपल्यावरच्या कार्डवर. म्हणजे कागदाप्रमाणे बंड्याची गाडी वॉरंटीभर ठणठणीत होती!

मी खूप वेळ ते कार्ड बघत होतो. खाली बंड्याचीच सही.

ताई शांतपणे म्हणाल्या, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नेहमी मुद्दाम करतो असं नाही, सकाळी दहा गाड्या दारात उभ्या असतात, तो टॅबवर जे पटकन निवडता येतं ते निवडतो. पण नुकसान तुमचं होतं. सही करायच्या आधी तक्रार आपल्या शब्दात लिहून घ्यायची, "डीपीएफचा दिवा लागतो, पिकअप जातो, गेल्या महिन्यापासून", किलोमीटर आणि तारीख बघायची, दिवा लागलेल्या डॅशबोर्डचा ओडोमीटरसकट फोटो काढायचा, गाडी परत घेताना काय केलं ते इनव्हॉइसवर मागायचं, शून्य रुपयाचं काम असलं तरी. स्कॅनर लावला तर त्याचे फॉल्ट कोड प्रिंट करून मागायचे. आणि वॉरंटीत येत नाही म्हणाले तर कुठल्या कलमाखाली येत नाही ते ईमेलवर द्या म्हणायचं. या शेवटच्या वाक्याने बऱ्याच वेळा सूर बदलतो, कारण तोंडी नाही म्हणायला काही लागत नाही, लेखी नाही म्हणायला वरच्याला विचारावं लागतं.

मिल्याच्या शेजाऱ्यांचं हेच झालं होतं. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री पंचवीस फुटांची धोक्याची खूण ओलांडून पस्तीस फुटांच्या वर गेली, बडोद्यात गाड्या छतापर्यंत बुडाल्या, त्यांची मात्र उंचावर पार्क केलेली, टायरलाही पाणी लागलं नाही. तरी नंतर म्युझिक सिस्टीम बंद पडली तर ऐकावं लागलं की पाणी गेलंय, वॉरंटी नाही. त्यांनी लेखी मागितलं, मग आत उघडून बघितलं, सगळं कोरडं, पार्ट बदलून मिळाला. (ज्यांची खरंच बुडाली होती त्यांच्यासाठी वॉरंटी नव्हेच, तिथे इन्शुरन्स, आणि त्यातही इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलेलं असेल तर इंजिनाचे पैसे. आणि बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारायचा नाही, कधीच नाही, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.)

बंड्याला सरळ नवी गाडी हवी होती. ताईंनी ते तिथल्या तिथे थांबवलं, सुप्रीम कोर्टाचा २००६ चा निकाल आहे, वॉरंटीत सदोष पार्ट बदलून देऊ असं लिहिलेलं असेल तर पार्ट मिळतो, आख्खी गाडी नाही. शिवाय बनावटीतला दोष म्हणायचं तर तज्ज्ञाचा रिपोर्ट लागतो, आणि तुझ्या केसमध्ये तज्ज्ञ तेच सांगेल जे अप्पांनी सांगितलं. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात इथेच बडोद्यात करता येते, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे करायची सोय दिली, दोन वर्षांच्या आत करायची, आणि दहा ते वीस लाखांच्या वस्तूला फी फक्त चारशे रुपये. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला नोंदव, बरेचदा कंपनी तिथेच बोलायला येते.

अप्पा म्हणाले मग यात उभं काय राहणार, कार्डवर काही नाही, वापर चुकीचा, मुदत संपलेली.

मला वाटलं विषय संपला. तेवढ्यात बंड्याने मोबाइल काढला आणि बुकिंगच्या वेळचं सेल्सवाल्याबरोबरचं व्हॉट्सअ‍ॅप शोधून काढलं. बंड्याने स्वतः लिहिलेलं, "रोजका घर से दुकान, ८-१० किमी, पेट्रोल लूं या डिझेल?" आणि खाली उत्तर, "डीझल ज लो साहेब, एवरेज सारी आवशे", म्हणजे डिझेलच घ्या, अ‍ॅव्हरेज चांगलं येईल. ताईंनी तो फोन हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. वापर सांगितला होता, आणि त्या वापराला न चालणारी गाडी सुचवली होती, हे लेखी आहे, तारखेसकट. म्हणाल्या, जिंकशीलच असं सांगत नाही, पण "ग्राहकाच्या वापरामुळे" हे त्यांचं कारण आता त्यांनाच परत विचारता येईल, की हा वापर तुम्हाला माहीत होता ना? चॅट डिलीट करू नकोस, फोन बदलू नकोस, बॅकअप घे.

पत्राचा मसुदा ताईंनी तिथेच बसून सांगितला, मी लिहून घेतला. मागणी गाडी बदलून देण्याची नाहीच, फिल्टर कंपनीच्या खर्चाने साफ करावा किंवा बदलावा, ऑइल बदलावं, आणि वॉरंटीच्या काळात जे स्कॅनरचं काम केलं त्याची नोंद वर्कशॉपच्या सिस्टीममधून काढून द्यावी. एक प्रत डीलरला, एक कंपनीच्या मुख्य ऑफिसला, दोन्ही स्पीड पोस्टाने, आणि ईमेल वेगळा. अप्पांनी एवढंच वाढवलं की ऑइल बदललं आणि फिल्टरचं काम झालं की आठवड्यातून एकदा दुमाडवरून एक्सप्रेस वेला लाग आणि आणंदपर्यंत सलग चालवून आण, नाहीतर नवा फिल्टर पण असाच भरेल. बंड्या म्हणाला दुकान कोण बघणार. अप्पा म्हणाले मग विक आणि पेट्रोल घे. त्यावरून परत सुरू झालं.